अभियंत्याचा व्यवस्थापक कोठे घडतो?

विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ ची. तेव्हापासून पदवीधरांच्या कित्येक पिढ्या तेथून बाहेर पडल्या. आज त्यांतील पुष्कळांची वाट पुण्या-बंगळूरच्या संगणक कंपन्यांकडे वळते आणि काही वर्षांत अभियंत्याचा व्यवस्थापक होतो. त्यात गैर काही नाही. मुले घर सोडतात म्हणून हळहळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपल्या उमेदीची वर्षे आठवून पाहावीत. परंतु हा व्यवस्थापक नेमका कशाने घडतो, हे विचारले पाहिजे.

त्यासाठी दूर जावयास नको. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ साली परतले, ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. आज पलूस तालुक्यात असलेली ही वाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणरावांनी १९१० साली ती वसविली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, अशी धास्ती शेतकऱ्यांना वाटे. त्या धास्तीशी झुंजतच हा कारखाना वाढला होता. यंत्र निर्दोष असले म्हणजे ते खपतेच असे नाही, हा धडा परदेशी विद्यापीठात मिळत नाही. शंतनुरावांनी १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी उभी केली, तेव्हा त्यांच्या पदवीला वीस वर्षे लोटली होती. शेतकऱ्याच्या विहिरीवर चालणारे डिझेल एंजिन त्याला कोणत्या किमतीस परवडेल, हा हिशेब त्या वीस वर्षांच्या शिदोरीतला होता.

यावर कोणी म्हणेल, त्यांच्या वडिलांचा कारखाना होता. आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र खुद्द लक्ष्मणरावांना कोणाचा कारखाना मिळाला नव्हता. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणाऱ्या या माणसाने, बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. पुढे वाडीत त्यांनी पदवी नसलेल्या सहकाऱ्यांवरही मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या. जबाबदारी आधी आणि हुद्दा मागाहून, असा तो क्रम होता.

आज हा क्रम उलटला आहे. हुद्दा लवकर लाभतो. पण चुकलेल्या निर्णयाचा तोटा स्वतःच्या खतावणीत पाहण्याची वेळ क्वचितच येते. याचा दोष तरुणांच्या माथी मारणे सोपे आहे. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांनीही विचार करावा, की नव्या अभियंत्याला आपण रेखाटनाच्या टेबलापलीकडे कितपत जाऊ देतो? किंमत ठरविताना, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकताना, बँकेत कर्जासाठी बसताना त्यास शेजारी बसवितो काय? ही दारे मुलगा आणि जावई यांच्यासाठीच उघडी राहणार असतील, तर हुशार परका तरुण पुण्याची गाडी पकडणारच. महाविद्यालयानेही शेवटच्या वर्षातील सहा महिने जवळच्या कारखान्यात घालवावयास लावावेत, आणि प्रकल्पाच्या वहीत आराखड्यांबरोबर नफातोट्याचे पानही तपासावे.