पंखा बंद करू नका, बदला!

मे महिन्याचं वीजबिल आलं की बहुतेक घरांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. "बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला?" पासून सुरुवात, मग "चार्जर कायम लटकलेला!" आणि गाडी शेवटी "आमच्या वेळी..." या स्टेशनात जाऊन थांबते. वीज वाचवणं म्हणजे संस्कार आणि दिवा राहिला म्हणजे बेशिस्त, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की यात थोडं गणितही करायचं असतं हेच आपण विसरतो. माझं म्हणणं सरळ आहे मंडळी: वीजबिल हा सवयींचा प्रश्न कमी आणि वस्तूंचा जास्त आहे.

आकडेच बघू. १००० वॉट एक तास वापरले की एक युनिट. ९ वॉटचा एलईडी दिवा रात्री १० तास चुकून राहिला तर ०.०९ युनिट. नुसता लटकणारा मोबाईल चार्जर वर्षभरात मिळून एक-दोन युनिट खातो. आणि २००० वॉटचा गिझर? पाणी तापवताना अर्ध्या तासात एक युनिट! म्हणजे तो बिचारा दिवा सलग अकरा रात्री जळला तेव्हा कुठे गिझरच्या अर्ध्या तासाची बरोबरी झाली. आणि भांडण मात्र दिव्यावरून. तिकडे कोपऱ्यातला सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही १०-१२ वॉट खात बसलेला असतो, वर्षाला जवळपास १०० युनिट. त्याच्यावर कोणी ओरडत नाही, कारण तो दिसत नाही.

हापिसात आपण काय करतो? प्रोग्राम हळू चालत असेल तर आधी वेळ नक्की कुठे जातोय ते मोजतो, मग कोडला हात लावतो. घरी तेच करा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३२०० आहे. सगळं बंद करून फक्त जुना पंखा फुल स्पीडवर लावा. मिनिटाला चार वेळा लुकलुकला तर पंखा ७५ वॉटचा. मग गिझर लावून बघा, मोजता मोजता दमाल (मिनिटाला शंभरच्या वर!). रविवारच्या एका तासात घराचा अख्खा हिशोब समोर येतो, फुकटात.

आता बिलाची मागची बाजू. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटवर टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट जास्त महाग. म्हणजे वाचवलेलं युनिट नेहमी सर्वात महागड्या टप्प्यातून कमी होतं. त्यामुळे बिलाला सरासरी काढून "एवढ्याशाने काय होणार" म्हणणं चूक आहे.

सर्वात सोपा उपाय माझ्या मते पंखा. जुना ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी साधारण ३० वॉटचा, वारा तेवढाच. रोज १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. हिशोबाला सोपं म्हणून युनिटला १० रुपये धरले तरी १६२० रुपये. पंखा अडीच-तीन हजारांचा, दोन वर्षांत पैसे वसूल. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा दुकानात ते बघायला विसरू नका.

आणि मला सर्वात जास्त टोचतं ते इथेच. भर उन्हाळ्यात दुपारी पंखा बंद करून, पेपरने वारा घेत बसलेले आई-बाबा तुम्हीही पाहिले असतील. त्या एका तासात वाचतात जेमतेम ७५ पैसे! काटकसर वाईट नाही हो, पण घरातल्या ज्यांना उकाडा सर्वात कमी सोसतो त्यांनीच घाम गाळून ती करायची, हे काही बरोबर नाही. त्यांना उपदेश करण्यापेक्षा पंखा बदलून द्या.

पुढचा उपाय म्हणजे ऊन घरात येऊच न देणं. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा हिरवी जाळी लावलेली बरी, कारण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला चुना किंवा पांढरा रंग द्या. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली ती याच कारणाने. एसी असेल तर २४ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा.

पण खरी गोची भाड्याच्या घरात आहे. गिझर आणि पंखे मालक घेणार (अर्थात सर्वात स्वस्तातले), बिल भरणार भाडेकरू. डिपॉझिटवर तासभर घासाघीस करणारे आपण गिझरला किती स्टार आहेत ते विचारतही नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी मंडळी म्हणतात, "मी कशाला खर्च करू?" तर पंखा तुमचा तुम्ही घ्या आणि जाताना सोबत न्या. मालकाचा जुना माळ्यावर ठेवून द्यायचा आणि जाताना परत लावायचा, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम. आणि तुम्ही स्वतः घरमालक असाल तर पुढच्या भाडेकरूसाठी गिझर घेताना दुकानदाराला फक्त किंमत विचारू नका, एवढंच.

बाकी चालू द्या. बाथरूमचा दिवा मात्र बंद करत जा. बिलासाठी नाही, घरच्या शांततेसाठी!