गिरणगावचा टाळ

आज पेरणीचे नव्हे, पखवाजाचे बोलू. वेल्समधील कोळसा खाणींच्या मजुरांनी पुरुषांची गायनपथके उभारली, तशी मुंबईच्या गिरणगावात भजनी मंडळे उभी राहिली. कोकण-घाटावरचे गडी एकेका खोलीत दाटीने राहत. पाळी सुटली की टाळ निघत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या, गडी पांगले.

आमच्या देऊळगाव राजाकडची टाळकरी पोरेही आता पुण्याच्या कारखान्यांत आहेत. परवा एका वस्तीवर पखवाज दिसला. धुमेवर जुनी कणीक वाळून चिकटलेली. आजोबा म्हणाले, "साहेब, शिकायला कोणी आलं तं रोज कणीक मळीन." दर गुरुवारी मी जातो. हात अजून बसत नाही.