दुसऱ्याच्या ताटातला तुकडा

दुसरं महायुद्ध हिटलरनं पेटवलं, एवढं आपण शाळेत घोकलं. बरोबरच हाय. पण एकट्या दादाला अख्खी गल्ली लुटता येत नाही. 'जाऊ दे, आपल्या दारात तर नाही ना' म्हणणारे शेजारी लागतात.

तारखा लावून बघा. १९३१ साली जपाननं मांचुरिया गिळला. राष्ट्रसंघानं चौकशी समिती नेमली. ३ ऑक्टोबर १९३५ ला मुसोलिनीची फौज अ‍ॅबिसिनियात घुसली. काळ्या माणसांवर विमानांतून विषारी वायू सोडला. राष्ट्रसंघानं निर्बंध लादले, पण इटलीचं तेल तोडलं नाही, सुएझ कालवा बंद केला नाही. हिटलर हे सगळं बघत होता. मार्च १९३६ मध्ये त्यानं ऱ्हाईनलँडमध्ये फौज घातली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घेतला. सप्टेंबरअखेर म्युनिचला चेंबरलेन आणि दलादिए यांनी झेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन मुलूख त्याला तोडून दिला. ज्यांचा मुलूख, त्यांना बैठकीत पाटसुद्धा मांडला नव्हता. १५ मार्च १९३९ ला प्राग पडलं. १ सप्टेंबरला पोलंड. मग युद्ध.

मेख इथंच हाय. चेंबरलेननं लंडनची एक वीट दिली नाही. शांतता विकत घेतली ती दुसऱ्याच्या ताटातला तुकडा देऊन. आणि फुकटचा तुकडा मिळाला की गुंडाची भूक वाढते.

नाशिकच्या माणसाला हा खेळ म्युनिचच्या आधीच कळला होता. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एप्रिलात रथयात्रेसाठी तडजोड ठरली, की रथ दोन्ही बाजूंनी ओढायचा. आपली माणसं दोराला हात लावणार, तोवर सवर्णांनी रथ पळवला. वर दगडांचा मारा. शब्द मोडणाऱ्याला जाब विचारणारं कुणी नसलं, की कराराचा कागद पुडी बांधायच्या लायकीचा. सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. अ‍ॅबिसिनियावर हल्ला होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. जग मुसोलिनीची मनधरणी करत होतं. इथं आर्जवं बंद झाली.

पुढं पाकिस्तानवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी मनधरणी आणि तडजोड यांत रेघ ओढली. विषय इथल्या राजकारणाचा, दाखला हिटलरचा. तडजोडीला दोघांनाही ओलांडता येणार नाही अशी हद्द असते. मनधरणीला हद्दच नसते.

आणि बिल कुणाच्या नावावर फाटतं? मी गोदीत ओझी उचलतो, म्हणून गोदीचं सांगतो. १४ एप्रिल १९४४, बाबासाहेबांचा जन्मदिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच बोटीत कापसाच्या गासड्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. बाकी मेले ते शेकड्यांनी; त्यांत गोदीतले मजूर होते. म्युनिचचा 'म' त्यांना कुणी विचारला होता?

म्हणून कुणी शांततेची गोडगोड भाषा काढली, की दोन सवाल टाका. हद्द कुठं आखली? आणि ज्याच्या ताटातलं देताय, तो पंगतीला बसलाय का? जबाब मिळत नसेल, तर ती शांतता नव्हे, पुढच्या आगीचं सरपण हाय.