वाटा नाही, भाकर घ्या : मनूचा न्याय आणि आपली बहिरी पोरं



पुणतांब्याचे नाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, गोदाकाठची चांगदेवाची समाधी. दुसरे, २०१७ चा शेतकरी संप. त्या जूनमध्ये 'सरकार बहिरे झाले आहे' असे आम्हीही बेंबीच्या देठापासून ओरडलो. त्याच गर्दीत आमच्या गल्लीतला एक जन्मापासून बहिरा तरुण हात उंचावून उभा होता. न ऐकणाऱ्या सरकारला आपण त्याचे नाव शिवीसारखे देतो आहोत, हे मला तेव्हा सुचलेही नाही.

याच मित्राने गेल्या १४ एप्रिलला रात्र जागून निळ्या पताका बांधल्या. संध्याकाळी वक्ते संविधानावर तासभर बोलले. शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या की तोही वाजवायचा. मध्येच त्याने खुणेने विचारले, काय म्हणताहेत? मी तळहात हलवून 'नंतर' म्हणालो. ते 'नंतर' अजून आलेले नाही. दोष माझा आणि आमच्या जयंती मंडळाचा आहे. डीजेला पैसे होते. सांकेतिक भाषेचा दुभाषा आणावा, हा विषय बैठकीत निघालाच नाही.

मनुस्मृती आपण जाळतो ती अस्पृश्यता आणि स्त्रीदास्य यांसाठी. तिच्या नवव्या अध्यायात आणखी एक नियम आहे, त्यावर आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच बोलले जाते. जन्मतः आंधळा, बहिरा, मुका यांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाही. त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावे. म्हणजे हक्क काढून घ्यायचा आणि वर दया करायची. ही बंदी कायद्याने हटवायला १९२८ साल उजाडले, आणि हिंदू कोड बिलातून पुढे आलेल्या १९५६ च्या वारसा कायद्याने ती पुरती पुसली. पण भाकर देण्याची वृत्ती गेली का? दर ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, फळे वाटून फोटो काढणारे पुढारी बघा. त्यांना या पोरांचे मत विचारावेसे वाटत नाही, फक्त त्यांच्या हातात केळे द्यावेसे वाटते.

नावाचेही तेच. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायला बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध केला आणि सभात्याग केला. ज्याला नाव द्यायचे त्याला न विचारता दिलेले गोड नाव हे अपमानाचेच दुसरे रूप, हे आपण तेव्हाच शिकलो. मग 'दिव्यांग' ऐकून आपण गप्प का? आणि 'मूकबधिर' तर उघड खोटे आहे. बहिरा माणूस मुका नसतो. त्याची भाषा हातांत, चेहऱ्यात आणि नजरेत असते. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले तेव्हा आपले लोक तरी मुके होते का? बोलत होते, त्यांचे ऐकून घेतले जात नव्हते एवढेच.

१८८० मध्ये इटलीतल्या मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणाची परिषद भरली. तिथे ऐकणाऱ्या शिक्षकांच्या बहुमताने ठरले की शाळेत खुणा नकोत, ओठ वाचा आणि तोंडाने बोला. तो विचार आपल्याकडेही मुरला. हात हलवले म्हणून कित्येक पोरांनी हातावर छड्या खाल्ल्या. एकलव्याचा एक अंगठा गेला, इथे दोन्ही हात बांधले गेले. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहायला २०१५ साल लागले. २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशात दहा हजार शब्द झाले. त्यातले किती आपल्या खेड्यांतल्या पोरांपर्यंत पोहोचले?

एका रविवारी मी या मित्रासोबत त्याच्या दोस्तांना भेटायला गेलो. सात-आठ जण, हात भराभर चाललेले. जमीन, लग्न, फोनचे हप्ते, एकमेकांची टिंगल. घरात तीन खुणांवर दिवस काढणारा हा पोरगा तिथे सगळ्यांत वाचाळ निघाला. मुका मीच होतो. बाबासाहेबांसाठी ते पुतळ्यासारखे बोट उंचावतात, तेवढे एक मला कळले. मुंबईच्या लोकलमधल्या अपंगांच्या डब्यातही बहिरे असेच जमतात, गप्पांत स्टेशन निघून जाते. भाषा आहे, विनोद आहे, आपली माणसे आहेत. याला समाज नाही तर काय म्हणायचे?

संविधानाच्या कलम २९ ने वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या प्रत्येक नागरिकसमूहाला ती जपण्याचा हक्क दिला आहे. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत मात्र भारतीय सांकेतिक भाषा नाही. दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये आपली सांकेतिक भाषा राजभाषा केली. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची नोंद पन्नास लाखांवर आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, आधी जात, मग हे. भूमिहीन मजुराच्या घरचा बहिरा मुलगा प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालतो, तेव्हा प्रत्येक खेपेला बापाची मजुरी बुडते. त्याची जात कोणत्या खिशात ठेवायची आणि बहिरेपण कोणत्या?

पुढच्या जयंतीच्या बैठकीत मी दुभाषाचा ठराव मांडणार आहे. खर्च कोण करणार, असे विचारले जाईलच. गेल्या वर्षीची डीजेची पावती मी जपून ठेवली आहे.