वेष्टन भारी, वादक अनाम
जुन्या भावगीतांच्या ध्वनिमुद्रिका दिमाखदार वेष्टनात पुन्हा विक्रीस आल्या की ठाणे-डोंबिवलीच्या रसिकांत वाद रंगतो : मूळची खरखर राखावी, की आवाज स्वच्छ करावा? परंतु खरा प्रश्न श्रमाचा आहे. भारतीय कायद्याने वादकाचा आपल्या वादनावरील हक्क प्रथम १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केला. तोवर सतारिये, तबलजी, व्हायोलिनवादक एकदाच मेहनताना घेऊन घरी जात. पुढील आवृत्त्यांच्या नफ्यात त्यांचा वाटा नसे. वेष्टनावर त्यांचे नावही बहुधा नसे. रसिकांनी आधी ही नावे छापण्याचा आग्रह धरावा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांनी, जुने वादक हयात आहेत तोवरच, त्यांची नोंद करावी. ज्याचे नाव नाही, त्याला वाटाही मागता येत नाही.