वेल डन, मामा!

परवा संगमनेरहून मामा आले. म्हटलं, चला, आज माझ्याकडून पार्टी! पुण्यातल्या एका चकाचक रेस्टॉरंटात नेलं. मामांनी स्टेक मागवला, तोही वेल डन. ऑर्डर घेणारा पोरगा असा काही हसला, की जणू त्यांनी वाइनमध्ये ताक घालून मागितलं. आणि खरं सांगू? मलाही लाज वाटली. मामांची!

मग काय, माझं लेक्चर सुरू. २०१५च्या कायद्याने बैलाचंही मांस बंद झालं, म्हशीला सूट राहिली. त्यामुळे आपल्याकडे बीफ स्टेक म्हणजे म्हशीचा. टेंडरलॉइन हा काहीच काम न करणारा, लाडावलेला स्नायू. आतून ५५ अंशांच्या आसपास गुलाबी असतानाच काढायचा, जास्त भाजला की चप्पल. आणि तो लाल रस रक्त नसतं, मामा, मायोग्लोबिन असतं!

"असंल," मामा म्हणाले. अर्धा स्टेक प्लेटमध्येच राहिला. "पोट भरलं गं."

तसे मामा स्वतःच या विषयातले हेडमास्तर. संगमनेरी शेळी म्हणजे दिवसभर रानात फिरणारं जनावर. तिची मांडी आणि खांदा मंद आचेवर तासभर तरी रटरटल्याशिवाय आतलं कोलॅजन विरघळत नाही, तिथे ५५ अंशांचं काम नाही. मामांचा नियम एकच : मटण चुलीवर, आणि दाताला थोडं काम राहिलं पाहिजे. कुकरचं नाव काढायचं नाही.

पुढच्या रविवारी मी संगमनेरला. स्वयंपाकघरात बघते तर मामी पातेल्यातलं थोडं मटण गुपचूप कुकरमध्ये काढतायत. वर आणखी चार शिट्ट्या.

"मामी, हे काय?"

"हळू बोल. दिवाळीपासून कवळी बसवलीय त्यांना. कुणाला सांगू देत नाहीत."

माझ्या डोळ्यांसमोर तो अर्धा स्टेक आला. कडक, वेल डन. आणि मी मायोग्लोबिन शिकवत होते!

पंगत बसली. मामांनी बाजरीची भाकरी रश्श्यात कुस्करली, फोड तोंडात टाकली, मान डोलावली.

"बघ, चुलीवरचं. कुकरला लावलं की मटणाची भाजी होती."

मामींनी मान वर केली नाही.

"हो ना मामा," मी म्हटलं आणि रस्सा पुढे सरकवला.