गच्ची नसलेल्यांचा सूर्य

‘पीएम सूर्यघर’ योजनेस फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, लक्ष्य एक कोटी घरांचे, आणि तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान. मात्र त्यासाठी आधी स्वतःची गच्ची हवी. चेन्नईच्या ट्रिप्लिकेनमध्ये दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने ती कोठून आणावी?

सोळा सदनिकांची इमारत घेऊ. गच्ची समजा दोनशे चौरस मीटर. टाक्या, जिना आणि वाळत घातलेले कपडे (हे कोणत्याही अहवालात नसतात) वगळता निम्मी उरते. किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर लागतात. वाट्याला प्रत्येकी ०.६ किलोवॉट.

यावर उपाय ठाऊक आहे. पॅनेल गोदामाच्या छतावर किंवा शहराबाहेर बसवावे आणि तेथील युनिटे सभासदांच्या बिलांतून वजा करावीत. या व्हर्च्युअल नेट मीटरिंगसाठी दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. केंद्राच्या योजनेलाही ही पद्धत मान्य आहे. इलेक्ट्रॉनवर मालकाचे नाव नसते. प्रश्न केवळ हिशेबाचा आहे.

हिशेबच करायचा तर तामिळनाडू २०१६ पासून घरगुती ग्राहकांना दर दोन महिन्यांस १०० युनिटे मोफत देते, वर्षाला ६००. चेन्नईच्या उन्हात एक किलोवॉट वर्षाला साधारण १,४०० युनिटे देतो. म्हणजे ०.४३ किलोवॉट पुरे. किलोवॉटला ५०,००० रुपये धरल्यास खर्च २१,५००, तोही एकदाच, सुमारे पंचवीस वर्षांसाठी.

आक्षेप असा की रात्रीच्या एसीला सूर्य नसतो. तो खरा आहे. दुपारचे युनिट रात्रीच्या युनिटाइतके मोलाचे नाही, आणि वीजवाहिन्यांचे शुल्कही द्यायलाच हवे. पण बंगल्याचा मालकही दुपारची वीज ग्रिडला देऊन रात्री तीच परत घेतो. त्याच्या अर्जापुढे हा आक्षेप कोणी काढत नाही. भाडेकरूचे नाव निघताच मात्र ग्रिड नाजूक होते!

कोइंबतूर जिल्ह्यातील ओडंथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली, तीही गावाच्या हद्दीबाहेर. खेड्याला जे जमले ते महानगराला अवघड का वाटावे? राज्याच्या वीज नियामक आयोगाने भाडेकरूला सौरप्रकल्पात वाटा द्यावा, आणि घर बदलले तरी तो नव्या मीटरवर नेता यावा.